चिंतूच्या कमरेचा दोर

सूर्या नदीवर पूल झाला नव्हता तेव्हा अख्खं गाव आमच्या होडीतून पार व्हायचं. पुरात आमच्या घरचा माणूस उतरला की त्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि दुसरं टोक घरच्या बाईनं धरायचं. झाडाला बांधायचं नाही; झाडाला काय कळतं? सासूनं धरला, मग मी नवऱ्यासाठी बावीस वर्षं धरला. दोर सोडणारी बाई आमच्या घरात झाली नाही, हे मी पाणवठ्यावर सगळ्यांना ऐकवायची.

पूल झाला, होडी कुजली. माझा चिंतू दगडखाणीत लागला. खाणवाल्यांनी अर्धा डोंगर खाल्ला, टाकाऊ दगड नदीत लोटले आणि एक दिवस खाण बंद करून गेले. त्या दगडांवरून आमची गरीब नदी उसळ्या मारायला लागली.

ते पाणी बघून चौऱ्याण्णवच्या श्रावणात बोईसरच्या कारखान्यातला कमलाकांत आला. फायबरची, शेंगेसारखी निमुळती, एका माणसाची होडी त्यानं स्वतः बनवली होती. तिला म्हणे कयाक म्हणतात. आत पाय पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. चार रविवार त्यानं चिंतूला शिकवलं. म्हणाला, "बाहेरची माणसं येतील, त्यांना इथला वाटाड्या लागेल. चिंतूला वीटभट्टीवर जावं लागणार नाही." माझी सून तानी तेवढ्यावर खूश.

पाचव्या रविवारी चिंतू पहिल्यांदा त्या दगडांमधून उतरणार होता. मी दोर घेऊन गेले.

"आई, दोर नको," कमलाकांत म्हणाला. "होडी उलटली तर अंगातल्या तरंगत्या जाकिटावर तो खालच्या डोहात येईल. तिथं मी उभा असेन. दोर ताणला गेला तर चिंतू पाण्याखाली जाईल."

"तू मला पाणी शिकवतोस? नळाखाली आंघोळ करणारा तू!"

"बांधू द्या, दादा," चिंतू हसला. "नाय तर म्हातारी आठ दिस तोंड फुगवून बसंल."

मी तीन वेढे घालून गाठ मारली.

पहिला उतार त्यानं पार केला. दुसराही. तिसऱ्याला होडी उलटली. चिंतू बाहेर निघाला, डोकं पाण्यावर होतं, मी डोळ्यांनी बघितलं. पाणी त्याला डोहाकडेच नेत होतं. तेवढ्यात दोर ताणला गेला आणि डोकं दिसेनासं झालं.

"आई, सोडा! दोर सोडा!" कमलाकांत दगडांवरून धावत वर येत होता.

"सोड गं आये!" तानी ओरडली.

मी पाय रोवले आणि ओढलं. जितकं ओढलं तितका तो खाली गेला. मला वाटलं नदी ओढतेय, म्हणून आणखी जोर लावला. कमलाकांतनं सुरीनं दोर कापला तेव्हा मी पाठीवर पडले.

चिंतू डोहात वर आला. श्वास नव्हता.

गाव जमलं. "यानंच पोर बुडवला!" म्हणत कमलाकांतला धरला, बडवला. त्याच्या नाकातून रक्त आलं, पण माझं नाव त्यानं घेतलं नाही. मी गप्प बसले असते तर कुणी विचारलंही नसतं.

"सोडा त्याला," मी म्हणाले. "तो दोर नको म्हणत होता. मी बांधला. मी धरला."

"म्हातारीचं डोकं फिरलं," गर्दीतला झिपरू म्हणाला.

"तिचं डोकं ठिकाणावर हाय," तानी म्हणाली. चिंतूचं डोकं तिच्या मांडीवर होतं, माझ्याकडे बघितलं नाही तिनं. "खरं बोलते ती."

मग लोकांनी कमलाकांतला सोडलं.