माझे पहिले दहा सेंटीमीटर

मी झाडांचा घेर मोजायची टेप बोलतेय, आणि दोष मोजणीकाकांचा आहे. आधीच सांगून टाकते, कारण पुढे कुणीतरी म्हणेलच की वय झालं होतं बिचाऱ्यांचं. झालं होतं ना. पण दहा वजा करायला माणूस तरुणच लागतो की काय?

कारखान्यात माझ्या टोकाला शून्य छापलं, तेव्हा मी फार मिरवले होते. पिवळी धमक, पाच मीटर लांब. तिथून थेट या सदाहरित जंगलाच्या कचेरीत आले आणि मोजणीकाकांच्या खिशात पडले.

काम साधं होतं. दूरचे कारखाने धूर सोडतात आणि त्या बदल्यात इथलं जंगल उभं राहावं म्हणून गावाशी पैशांचा करार करतात. त्याला कार्बन क्रेडिट म्हणतात. झाड जेवढं जाड, तेवढा कार्बन त्याच्या पोटात. म्हणून दर दोन वर्षांनी नंबर दिलेल्या प्रत्येक झाडाला छातीच्या उंचीवर मी मिठी मारायची. गावाची लाकूडगिरणीही चालायची, पण नियमात. घेर एकशे ऐंशीच्या वर गेला तरच करवत लागायची, नाहीतर झाडाला हात लावायचा नाही.

म्हणजे कोण उभं राहणार आणि कोण आडवं होणार, ते माझ्या आकड्यावर ठरायचं. आणि काका माझ्याने काय करायचे, तर सायकलला डबा बांधायचे.

एके दिवशी गाठ सुटेना, म्हणून त्यांनी हिसका दिला. माझं टोक फाटलं. काकांनी चिंध्या झालेला भाग कात्रीने बरोबर दहाच्या रेघेवर कापला आणि स्वतःशीच म्हणाले, "दहा वजा करायचे, एवढंच ना." नवी टेप मागायची तर कचेरीत कारण सांगावं लागलं असतं. दोन दिवस त्यांनी वजा केले. तिसऱ्या दिवशी पुतणी कामावर आली.

काकांनीच तिच्या बापाला सांगितलं होतं की शाळेत काय ठेवलंय, मी तिला मोजणीदार करतो. दहावीतून काढलं पोरीला. ती वही धरायची, काका आकडा पुकारायचे. पहिल्याच सकाळी तिने विचारलं की ही टेप दहापासून का सुरू होते. काका म्हणाले, "तुझं काम लिहायचं. टेपचं मी बघतो."

आणि बघितलं नाही. आता वही पोरीकडे आहे, वजाबाकीही तिकडेच होणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली. तिला वाटलं, काका वजा करूनच पुकारतात.

मी काय करणार? दहाला मी दहाच म्हणणार.

पुतणीचा जीव बारा नंबरवर होता. उतारावर त्या जातीचं बी धरणारं ते एकच झाड उरलं होतं. त्याखाली वेचलेल्या बियांची रोपं तिने शाळेत असतानाच कचेरीमागे लावली होती. पहिल्या वर्षी बरीच मेली, या वर्षी नव्याने लावायची होती. काकांनी मला बाराभोवती गुंडाळलं आणि पुकारलं, "एकशे चौऱ्याऐंशी."

पुतणीचं पेन थांबलं. "दोन वर्षांपूर्वी एकशे बहात्तर होतं, काका. परत मोजूया ना."

"झाडं वाढतात, बाई. एकदा मोजलं की मोजलं."

तिने लिहिलं. आणखी अठरा झाडं तशीच एकशे ऐंशीच्या पलीकडे गेली.

गावाच्या समितीने वही पाहिली. यंदा जंगलाने चांगलंच बाळसं धरलं म्हणून सगळे वडीलधारे खूश. आकडा वाढला की या लोकांना प्रश्न पडत नाहीत. चाळीस नंबरचं झाड कधीच वठलं होतं, पानही नव्हतं. तेही दहा सेंटीमीटर वाढलं होतं. कुणाच्या डोळ्यांना खुपलं नाही.

खुपलं ते बाहेरून आलेल्या तपासनीस बाईंना. तोवर गिरणीच्या आवारात बारा नंबर आणि बाकीची अठरा झाडं आडवी पडली होती. बाईंनी वहीवर बोट ठेवलं. "वठलेलं झाड वाढतं कसं?"

काका हसले. तेवढ्यात पुतणीने मला त्यांच्या खिशातून ओढून काढलं आणि बाराच्या ओंडक्यावर, मोजणीच्या जुन्या खुणेवर गुंडाळलं. एकशे चौऱ्याऐंशी. मग बाईंची स्टीलची टेप गुंडाळली. एकशे चौऱ्याहत्तर.

मी ओंडक्यावर होते तशीच राहिले. चीक अजून ओला होता, मला चिकटत होता. एवढ्या झाडांना मी मिठी मारली आणि त्यातल्या एकोणीस जणांना ठार केलं, हे मला तेव्हा कळलं.

पुतणी हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही वजा करत नव्हता?"

"मला वाटलं, तू करतेस."

"मला सांगितलं होतं का कुणी?"

काकांनी खिशातला रुमाल काढला आणि कोरडं तोंड पुसलं.

आता करार थांबलाय. जंगलाची सगळी मोजणी नव्याने होणार आहे, पण मला कुणी नेणार नाही. मी कचेरीच्या खिळ्यावर लटकते. खिडकीतून रोपं दिसतात, बारा नंबरची चौदा जगलीत. तुमच्या हातात माझ्यासारखी तुटकी टेप आली, तर एवढं करा. लाज बाजूला ठेवा आणि सोबतच्या माणसाला सांगा.

काकांचं मोजणीचं काम गेलं. पुतणी त्याच घरात राहते, त्यांना ताट वाढते, आणि त्यांच्याशी बोलत नाही.