साडूभाऊंसाठी निवडलेला मासा

सुडाच्या आगीत राज्यं जळाली, वंश बुडाले, समुद्र लाल झाले. या गोष्टीतला सूड मात्र अंगठ्याच्या नखाएवढा होता आणि तो प्लास्टिकच्या पिशवीतून, तोंडाला रबर लावून, गिऱ्हाइकाच्या हाती देण्यात आला.

सूड घेणारा शोभेच्या माशांचा दुकानदार. ज्याच्यावर घेतला तो त्याचा धाकटा साडू, म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, धंद्यानं फोटोग्राफर. दुकानदाराच्या एकुलत्या एक लेकीच्या लग्नाचे फोटो या साडूनं काढले होते. घरचं कार्य म्हणून, प्रेमानं. अल्बम आला. त्यात झुंबर होतं, खुर्च्यांच्या रांगा होत्या, साडूची स्वतःची बायको तर पानोपानी होती. नवरीचा बाप शोधावा लागत होता. एका फोटोत त्याचं कोपर सापडलं. दुसऱ्यात मागून दिसणारं एक टक्कल होतं, पण ते त्याचं की नवऱ्या मुलाच्या मामाचं, यावर घरात अजून एकमत नाही. लेक निघताना बापाच्या गळ्यात पडून रडली, तेव्हा साडू कॅमेऱ्याची बॅटरी बदलत होता.

तक्रारीची सोय नव्हती. "धर्माची गाय अन् दात का गं नाय," असं म्हणून बायकोनं त्याचं तोंड बंद केलं होतं. लेक दूरच्या शहरात नांदायला गेली. बापाकडे तिच्याशेजारी उभं असलेलं एक कोपर राहिलं.

आणि मग शिकार आपल्या पायांनी दुकानात चालत आली.

"साडूभाऊ, स्टुडिओत छोटी टाकी ठेवायचीय. खाऱ्या पाण्याची. पोरं फोटोला बसली की भोकाड पसरतात हो. तेवढंच लक्ष रमेल. गुण्यागोविंदानं राहतील असे मासे द्या."

अशा टाकीची रीत साधी असते. आधी पाणी, मीठ, दगड. मग काही आठवडे बिनमाशांची टाकी ताटकळत ठेवायची. मग मासे, तेही गरीब आधी आणि दांडगा सगळ्यांत शेवटी, तोही टाकी मोठी असेल तरच. कारण जो आधी शिरतो तो सगळी टाकी आपल्या बापाची समजतो. नवशिक्याला क्लाऊनफिशची जोडी आणि एखादा लाजाळू गोबी, बास. हे प्रवचन दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला द्यायचा, पिशवी हातात घेऊन गिऱ्हाईक दाराकडे सरकू लागलं तरी द्यायचा.

साडूला त्यानं पाणी, मीठ आणि ताटकळणं इमानेइतबारे शिकवलं. सूड घ्यायचा तर निदान टाकी तरी नीट बसायला हवी. ती बसल्यावर त्यानं जाळी बुडवून एक मासा काढला. काळाकुळकुळीत, अंगावर तीन पांढरे ठिपके. डोमिनो म्हणतात त्याला. दिसायला इतका गरीब, की तोंडावरची माशीसुद्धा उडवणार नाही.

"हा आधी सोडा," दुकानदार म्हणाला.

"एकटाच?"

"टाकीला घरपण येऊ दे. बाकीचे मागून."

"स्वभाव कसा आहे हो?"

"आपल्या घरातलाच समजा."

पुढच्या खेपेला साडू क्लाऊनफिशची जोडी घेऊन गेला, त्याच्या पुढच्या खेपेला गोबी. मग फोन सुरू झाले.

"भाऊ, काळ्यानं गोबीला फिल्टरमागे कोंडलंय."

"अरेरे! जेवतो का नीट?"

"गोबी? तो कुठला जेवतोय!"

"तो नाही हो. काळा."

दुकानदार त्या दिवसांत शीळ घालत दुकान उघडायचा. पण साडूचं रक्त आटण्याऐवजी त्याचा धंदाच वाढला. स्टुडिओतली पोरं मारामारी बघण्यात इतकी रंगू लागली की रडायची विसरली. आणि काळ्यानं ज्याचे पंख कुरतडले तो मासा साडू पिशवीत घालून दुकानात आणून ठेवू लागला. "तुम्हीच बरा करा, घरचंच आहे." दुकानातल्या दोन टाक्यांचा दवाखाना झाला. सुडाचे सगळे रुग्ण सूड घेणाऱ्याच्याच उशाशी आले, आणि त्यांना औषध घालताना त्याला शीळ सुचेना. या बिचाऱ्यांनी कुणाचे फोटो काढले होते?

शेवटी मेहुणीनं आपल्या बहिणीला फोन केला. बायको पदर खोचून दुकानात आली.

"तुम्ही माझ्या बहिणीकडे गुंड सोडलात?"

"मासा आहे. त्याच्या मनातलं मला काय कळणार?"

"अनोळखी माणसाला पिशवीसकट ताटकळत ठेवून कुठला आधी, कुठला नंतर सांगता. आणि सख्ख्या साडूला सांगायला विसरलात? उठा. जाऊन पकडून आणा त्याला."

डोमिनोला पकडणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं. तो दगडांच्या फटीत शिरतो, मग एकेक दगड बाहेर काढावा लागतो. स्टुडिओत दुकानदार बनियनवर, हात खांद्यापर्यंत टाकीत, आणि काळा त्याच्याच बोटांना चावे घेतोय. मालकाला ओळखायची या माशांत पद्धत नाही. नेमकी लेक चार दिवसांसाठी माहेरी आली होती. ती बापाला मदत म्हणून बादली धरून उभी होती आणि हसून हसून बादलीतलं पाणी त्याच्या पायांवर सांडत होती.

"बाबा, डावीकडे! अहो, तुमच्या डावीकडे!"

"डावं-उजवं मला शिकवतेस?"

"मग सुटला कसा?"

अखेर जाळी वर आली. आत काळा, रागानं तडफडणारा. लेकीनं ओल्या हातानं बापाचा खांदा धरला. दोघंही हसत होती, आणि त्याच क्षणी समोर साडूनं कॅमेरा डोळ्याला लावलेला दिसला.

दुकानदारानं पोट आत घेतलं. ओल्या हातानं टकलावरच्या उरल्यासुरल्या केसांना वळण दिलं. लेकीच्या आणखी जवळ सरकला. काळ्याला त्यानं मनातल्या मनात माफ केलं, साडूला जवळजवळ केलं. मान ताठ ठेवून, श्वास रोखून तो उभा राहिला.

साडूनं कॅमेऱ्यामागून डोकं काढलं.

"भाऊ, जरा बाजूला होता का? मासा झाकला जातोय."