पांढऱ्या रेषेपासूनचं अंतर

गॅरेजच्या फरशीवर अंथरलेल्या जुन्या चादरीवर चार नवे ब्रेक पॅड होते, चार जुने, दोन पाने, तारेचा एक ब्रश, ग्रीसची एक ट्यूब आणि मावशीच्या दवाखान्यातून तिच्याबरोबरच निवृत्त झालेली दात साफ करायची तीन हत्यारं. गाडीची पुढची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवली होती. गाडी तरी केवढी, दोन माणसं बसली की भरली. काका तिला चाकं लावलेली चप्पल म्हणायचे.

भाची मांडी घालून जुन्या पॅडची जाडी व्हर्नियरने मोजत होती. भौतिकशास्त्राची पदवी नुकतीच हातात पडली होती, नोकरी अजून लागायची होती, आणि मधल्या काळात समोर येईल ते मोजत सुटायची तिला सवय लागली होती.

"डावा आतला सहा मिलिमीटर. डावा बाहेरचा सहा. उजवा बाहेरचा सात. उजवा आतला..." ती थांबली. पॅड फडक्याने पुसून तिने पुन्हा मोजला. "तीन."

"मग? चारही बदलायचेच आहेत ना?" मावशी स्टुलावरून म्हणाली. "बदल आणि मोकळी हो. उद्या सकाळी मला ट्रॅकवर पोचायचंय."

"पण एकाच चाकातला एक सात आणि एक तीन का?"

"झाली सुरू!" मावशीने कपाळाला हात लावला.

मागच्या वेळी शर्यतीच्या ट्रॅकवर लांब सरळ पट्टा संपताना मावशीने ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे गवतात शिरली. कुणाला लागलं नाही. पण बत्तीस वर्षं मावशीने लोकांच्या तोंडात हात घातले होते आणि एकदाही हात घसरला नव्हता. घरी आल्यावर ती काकांना म्हणाली होती, "हात गेले माझे. पुन्हा एकदा असं झालं तर किल्ली तुमच्याकडे. विकून टाका." काकांनी गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं.

भाचीने उजव्या बाजूचा कॅलिपर, म्हणजे दोन्ही पॅडना कवेत घेणारा लोखंडी चिमटा, हाताने सरकवून पाहिला. डावीकडचा बोटाने सरकला होता. हा हलेना.

"मावशी, हे बघ. पिस्टन फक्त आतल्या पॅडला ढकलतो. बाहेरचा पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर यायचा तर अख्खा कॅलिपर या दोन पिनांवर सरकायला हवा. इथली खालची पिन गच्च बसलीय. आतला पॅड एकटाच राबत होता आणि बाहेरचा मजेत."

"आमच्या घरासारखं," मावशी दाराकडे बघत म्हणाली. दारात काका उभे होते.

"मी ऐकलं नाही," काका म्हणाले.

"म्हणजे उजवं चाक कमी धरत होतं," भाची स्वतःशीच बोलल्यासारखी पुढे म्हणाली. "डावं जास्त. म्हणून गाडी डावीकडे ओढली."

मावशी स्टुलावरून उठली. पिन कशीबशी बाहेर निघाली तेव्हा भोकात तपकिरी चिखल साचलेला दिसला. मावशीने चष्मा नाकावर ओढला, तीनपैकी सर्वांत बारीक हत्यार उचललं आणि भोक आतून खरवडायला लागली. "दाढ बरी," ती पुटपुटली. "निदान ओरडते तरी."

नवे पॅड बसले, पिनांना ग्रीस लागलं, चाकं चढली. निघण्याआधी भाचीने ब्रेकचं पॅडल आठ-दहा वेळा दाबून घेतलं. पिस्टन मागे ढकलले असले की पहिला दाब नुसता हवेत जातो. मग मावशी चालवायला बसली आणि दोघी रिकाम्या बाह्यरस्त्यावर गेल्या. नवे पॅड असेच ट्रॅकवर नेत नाहीत. वेग वाढवून जोरात ब्रेक, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक, असं करत पॅडचा पातळ थर डिस्कवर चढवावा लागतो.

पहिल्याच ब्रेकला गाडी उजवीकडे सरकली. दुसऱ्यालाही.

मावशीने काम पुरं केलं, गाडी थंड होईपर्यंत हळू चालवली आणि कडेला घेतली. जळक्या पॅडचा वास येत होता. "आधी डावीकडे, आता उजवीकडे," ती म्हणाली. "गाडी दुरुस्त झाली. मी नाही झाले."

भाचीला धीराचं काहीतरी बोलायला हवं होतं. पण तिच्या तोंडून निघालं, "दर वेळी उजवीकडेच का?"

"काय फरक पडतो?"

"पडतो ना! थरथरणारा हात कधी इकडे चुकेल, कधी तिकडे. हा एकाच बाजूला चुकतोय. काकांना फोन कर. म्हणावं, टेप घेऊन या."

बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या आवारात ट्रकसाठी आखलेली एक लांब पांढरी रेषा होती. डावं चाक रेषेला लावून निघायचं, चाळीसचा वेग धरायचा, खुणेच्या विटेपाशी ब्रेक मारायचा आणि चाक रेषेपासून किती लांब थांबलं ते मोजायचं, असं ठरलं. मोजायचं काकांनी.

"माझ्यावर भरवसा ठेवा," काका म्हणाले. "ही हरली तर माझाच फायदा आहे. म्हणून तर नीट मोजीन."

एकतीस सेंटीमीटर उजवीकडे. अठ्ठावीस. तेहतीस.

"आता हात सोड," खिडकीशी वाकून भाची म्हणाली. "ब्रेक मारताना स्टिअरिंगपासून बोटभर लांब धर."

"वेडी आहेस का?"

"समोर सगळं मोकळं आहे, मावशी. एकदाच."

मावशी गेली. विटेपाशी तिचे दोन्ही तळवे काचेआडून वर झालेले दिसले. काका गुडघ्यावर बसले, टेप लावली, पुन्हा लावली. "दोन," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा पडला.

"गाडी सरळ आहे," भाची म्हणाली. "तूच वळवतेयस. ती पिन वर्षभर हळूहळू अडकत गेली असणार आणि तुझे हात तेवढंच उजवीकडे सावरायला शिकले. त्या दिवशी ट्रॅकवर ओढ जास्त पडली इतकंच. मावशी, तुला कळलंसुद्धा नाही आणि हातांना कळत होतं!"

मावशीने हात उलटेसुलटे करून पाहिले, बाहेरून आलेल्या पेशंटचे असावेत तसे. "मग आता यांना विसरायला कोण सांगणार?"

"तूच."

"अगं, पण उन्हं कलली," काका म्हणाले.

"अहो, तुम्ही टेप धरा."

हात स्टिअरिंगवर ठेवून तिने पुन्हा सुरुवात केली. सव्वीस. एकोणीस. एकदा एकदम तीस, तेव्हा ती गाडीतच स्वतःवर ओरडली. मग चौदा, मग नऊ. मध्ये काकांनी पँटचे गुडघे झटकले आणि गिऱ्हाईकाला काय सांगायचं ते विचारलं. मावशीने गाडी मागे घेतली. त्यानंतर सात. मावशीने घाम पुसला, बोटं मोकळी केली आणि गाडी परत रेषेला लावली.

वीट आली, ब्रेक लागला, गाडी थांबली. काका वाकले.

"दीड सेंटीमीटर," ते म्हणाले. "डावीकडे."