भरलेल्या खुर्च्या

दोघी चुलत बहिणी, वयात जेमतेम पंधरा दिवसांचं अंतर. पण तेवढ्या जोरावर एक घरभर थोरली झाली आणि दुसरी जन्मभराची धाकटी. थोरलीला आधी दात आले, आधी सायकल मिळाली, आधी चष्मा लागला. धाकटीला त्या चष्म्याचासुद्धा हेवा वाटला होता, आता बोला!

शेवटच्या परीक्षेत थोरलीने बाजी मारली, धाकटी कशीबशी काठावर पास झाली. सुट्टीत तिला एका खासगी कॉलेजच्या प्रवेश कार्यालयात काम मिळालं. काम काय, तर मांडीवर फाइल घेऊन बाहेरच्या खुर्चीत बसून राहायचं. अशा पाच-सहा जणी होत्या. खुर्च्या भरलेल्या दिसल्या की खऱ्या विद्यार्थ्यांचा धीर सुटायचा, आणि आत मॅडम "दोनच जागा उरल्यात" म्हणायला मोकळ्या. या बसण्याच्या बदल्यात धाकटीला तिथेच प्रवेश द्यायचं मॅडमनी कबूल केलं होतं. घरी यातलं तिने काहीच सांगितलं नव्हतं.

एका शुक्रवारी थोरली तिथे आली. एकटीच, नुसती चौकशी करायला. सरकारी कॉलेजची दुसरी यादी सोमवारी लागायची होती आणि त्यात तिचं नाव असणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण अर्ध्या तासाने ती आतून आली तेव्हा तिचा चेहरा पार उतरला होता.

"मॅडम म्हणतात, पाचच्या आत मूळ प्रमाणपत्रं जमा करा, नाहीतर जागा गेली. सोमवारी नाव नाही लागलं तर मी ना इकडची ना तिकडची. अगं, पण तू इथे कशी?"

हा सगळा देखावा आहे, घरी जा, एवढंच सांगायचं होतं. पण धाकटीच्या डोळ्यांपुढे सोमवारचं घर उभं राहिलं. काका सगळ्या नातेवाइकांना फोन करताहेत, आणि तिची स्वतःची आई थोरलीच्या पाठीवरून हात फिरवतेय. तिचा नुसता जळफळाट झाला.

"मी आत्ताच दिली प्रमाणपत्रं," ती म्हणाली. "आता एकच जागा असेल बघ."

पाचला दहा मिनिटं असताना थोरलीने सगळे कागद देऊन टाकले.

सोमवारी यादी लागली. थोरलीचं नाव चौथं. मंगळवारी पाचपर्यंत मूळ प्रमाणपत्रं घेऊन हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा पुढच्याला. आणि मॅडम फोनवर म्हणाल्या, कागद परत मिळायला पंधरा दिवस लागतात.

मंगळवारी धाकटीने पोटदुखीचं निमित्त काढून दांडी मारली. दुपारी तीनला थोरली दारात हजर. रडून डोळे सुजलेले.

"चल, तुझीपण प्रमाणपत्रं अडकलीत ना? दोघी मिळून मागू."

धाकटीने चपला घातल्या आणि ती निघाली.

कार्यालयातल्या कारकुनाने धाकटीला बघितलं आणि तो हसून म्हणाला, "थांबलं का पोट? बस, तुझी खुर्ची रिकामीच आहे."

"आमची दोघींची प्रमाणपत्रं द्या ना," थोरली म्हणाली.

"हिची कसली? ही तर इथे गर्दी दिसावी म्हणून बसते."

थोरली धाकटीकडे वळली. "का गं?" तिने विचारलं.

"तुला सगळं मिळतं म्हणून," धाकटी म्हणाली.

मग काय झालं, तिचं तिलाच कळलं नाही. ती खुर्च्यांकडे वळली आणि मोठ्याने बोलली. "इथे गर्दी नाहीये. या रांगेतल्या पाचजणींना मॅडमनी बसवलंय. मलाही बसवलं होतं. जागा भरपूर आहेत."

कडेला बसलेले एका मुलाचे वडील उठले. मग दुसऱ्या एकीची आई. आवाज चढले तशा मॅडम बाहेर आल्या, आणि ज्या कागदांना पंधरा दिवस लागणार होते ते दहा मिनिटांत मिळाले. "तुझ्या प्रवेशाचं मात्र विसर," मॅडम धाकटीला म्हणाल्या.

थोरलीने एकेक प्रमाणपत्र तपासून पिशवीत टाकलं आणि धाकटीकडे न बघता जिना उतरली. चार वाजून पाच मिनिटं झाली होती. खिडकीतून ती रस्त्यावर पळताना दिसत होती. वेळेत पोचू दे, असं धाकटीला वाटलं. उशीर होऊ दे, असंही वाटलं. दोन्ही अगदी मनापासून.