दाराशी अंथरलेलं बसकर

तुम्हांला चहा गरम हवा असतो. ओतणारी कुठे बसली आहे, तिच्या पाठीला दारातून किती वारा लागतो, हे मात्र तुम्ही मान वळवून कधी पाहत नाही.

मी पाहिलंय. मी एक बसकर. माझी जागाच तिच्याखाली. आमच्या नारीन गावात कुणी म्हातारं माणूस गेलं की आलेल्या बायकांना कापडाचे तुकडे वाटतात. ती ओतणारी म्हणजे सैकाल, घरातली धाकटी सून; रांगेत नेहमी शेवटची, म्हणून तिच्या हाती चिंधीच यायची. त्या चिंध्या जोडून, आत मेंढीची लोकर भरून तिनं मला शिवलं. लाल, काळे, हिरवे त्रिकोण. सासूनं पाहिलं आणि म्हणाली, दाराशी टाक, तिथलं जुनं फाटलंय.

दारासमोरच्या भिंतीपाशी मानाची माणसं बसायची. दाराशी आम्ही, किटली घेऊन. तिला मूल झालं नाही. त्या घरात तिचं नाव कुणी घेत नसे. "ए धाकटी" एवढीच हाक. पुढे नवरा गेला. ती येशूच्या प्रार्थनेला जाते हे कळलं, तेव्हा सासूनं पहिल्यांदाच स्वतः तिला चहा ओतला. काठोकाठ.

आमच्याकडे पियाला अर्धाच भरून देतात, म्हणजे माणूस बसून राहतो आणि पुन्हा पुन्हा भरता येतो. काठोकाठ भरलेल्या पियाल्याचा अर्थ एकच: प्या आणि चालू लागा. सैकालनं तो संपवला, मला गुंडाळून काखोटीला मारलं आणि निघाली.

भाड्याच्या खोलीत पहाटे ती माझ्यावर गुडघे टेकायची. एकदा म्हणाली, "बापा, मी आता कुणाची सून नाही, कुणाची आई नाही. तरी तू मला सैकाल म्हणतोस." माझी लोकर भिजली. त्या दिवशी माझ्या चिंध्यांनाही वाटलं, आपण उरलेलं कापड नाही.

आणि म्हणूनच पुढचं सांगताना माझा संताप होतो. रविवारी येशूची मंडळी तिच्या प्रमुखाच्या, तेमीरबेकच्या घरी जमायची. आपण सगळी देवाची लेकरं, असं मोकळ्या गळ्यानं गायची. आणि सैकाल? दाराशी, किटली घेऊन. तिथं बस असं कुणी सांगितलं नव्हतं. ऊठ असंही कुणी म्हटलं नाही. तिला सवय आहे म्हणे. सवय तिची, सोय कुणाची?

एका रविवारी तेमीरबेक येशूनं सांगितलेली गोष्ट समजावत होता: मेजवानीत सगळ्यांत खालच्या जागी बसलेल्याला यजमान वर बोलावतो. बोलता बोलता त्यानं रिकामा पियाला, न बघताच, दाराकडे धरला.

तो कुणी भरला नाही.

सैकाल उठली. तिनं मला उचललं, खोली ओलांडली आणि मानाच्या भिंतीपाशी, तेमीरबेकची आई उलकान आपा बसायची तिच्या शेजारी अंथरलं. बसली. "ज्यानं मला लेक म्हटलं त्याचं हे घर असेल तर मी इथं बसेन. नसेल तर आत्ताच सांगा."

आवाज स्थिर होता. तिची बोटं माझ्या शिवणीत रुतली होती, ते फक्त मला कळत होतं.

तेमीरबेक कानापर्यंत लाल झाला. मग तो दाराशी गेला, उघड्या जमिनीवर बसला, किटली उचलली आणि पहिला पियाला तिच्याकडे पाठवला.

काठोकाठ भरलेला.

सैकाल पियाल्याकडे पाहत राहिली. मग तिचा भार माझ्यावरून हलला. ती उठू लागली होती.

उलकान आपानं बाही धरून तिला खाली ओढलं.

"बस गं, सैकाल. घालवत नाहीये तो तुला. साठीला आला, पण जन्मात कधी चहा ओतलाय का मेल्यानं?"