चौकटीच्या उजवीकडे

मयुरीच्या सिनेमाला महाविद्यालयांच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. हे अजून झालेलंच नाही असं आपण धरून चालू. कारण आत्ता ती तलावाच्या पाळीवर मोहाच्या बुंध्याशी उकिडवी बसून, बापाच्या जुन्या कमरपट्ट्यानं झाडाला कॅमेरा आवळते आहे. या अवस्थेतल्या माणसाला बक्षिसाबद्दल सांगणं बरं दिसत नाही.

कॅमेरा कॉलेजचा होता. कोणाच्या डोळ्यात येऊ नये म्हणून तिनं त्याला वडशाच्या बाजारातलं मिलिटरी छापाचं कापड गुंडाळलं होतं आणि गुडघ्याच्या उंचीवर बांधलं होतं. समोर पाळीवरची पायवाट, तिच्या एका अंगाला तलाव, उजव्या अंगाला धानाच्या कापलेल्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि त्यांत उगवलेलं लाखोळीचं पीक. रोज सकाळी याच वाटेनं गावातल्या बाया डोक्यावर मासोळ्यांची टोपली घेऊन रस्त्यावर जात, तिथून ऑटोनं कुरखेड्याच्या बाजाराला.

"कॅमेरा हलणार नाही," मयुरी स्वतःलाच म्हणाली. "माणसं हलतील."

बटण दाबून ती घरी निघून गेली. दिग्दर्शकानं शूटिंग सोडून घरी जाणं हा तिच्या शैलीचा भाग होता. दिग्दर्शक दिसला की माणसं नट होतात, हे तिचं मत होतं आणि ते तिला फार आवडलं होतं.

शैली तातडीनं सापडणं गरजेचं होतं. चंद्रपूरच्या कॉलेजात सिनेमा शिकवणाऱ्या धनराज सरांनी तिचे दोन सिनेमे परत केले होते. पहिल्यात कॅमेरा इतका गरगरला की सर मध्येच उठून पाणी पिऊन आले. दुसरा वीटभट्टीवर होता. तो तिनं चुलतभाऊ निकेशच्या लॅपटॉपवर जोडला. निकेश लग्नाचं शूटिंग करायचा, त्यामुळे भट्टीतून वीट निघाली की पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या. त्या कशा काढायच्या हे निकेशलाही माहीत नव्हतं.

"तुझी नजर भाड्याची आहे, मयुरी," सर म्हणाले होते. "स्वतःची घेऊन ये. ही शेवटची संधी."

ही संधी गेली तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की निकेश होताच.

"माह्याकडं कामाले लागून जा," तो मोठ्या मनानं म्हणाला होता. "नवरीकडचा कॅमेरा तुह्यावाला."

आई, गोकुळा, यावर काहीच बोलली नव्हती. हो नाही, नको नाही. तिनं फक्त एकदा विचारलं होतं, "कायचा सिनेमा काढतं?" मयुरी म्हणाली, "रस्त्याचा." गोकुळानं मान हलवली आणि टोपलं उचललं. ती मान हलवणं मयुरीला जास्त लागलं होतं.

दुपारी तिनं कॅमेरा सोडून आणला आणि चित्र भराभर पुढे पळवत पाहिलं. वाट होती. ऊन तळ्याकडून वाटेवर चढलं. एक म्हैस आली, गेली. माणूस एकही नाही.

दुसऱ्या दिवशी तीच म्हैस, थोडी जास्त आत्मविश्वासानं. तिसऱ्या दिवशी म्हशीनं चौकटीच्या मधोमध उभं राहून थेट कॅमेऱ्यात पाहिलं. तिला शैली सापडलेली होती.

चौथ्या दिवशी मयुरी पळसाच्या झुडपाआड जाऊन बसली. बाया आल्या. मोहाच्या अलीकडे, वळणावरच थांबल्या, पदर तोंडावर ओढला आणि एकामागं एक बांधीत उतरल्या. लाखोळीतून, घोट्याएवढ्या चिखलातून, मोहाच्या अगदी बाजूनं वळसा घालून पलीकडे पुन्हा पाळीवर चढल्या. अंकुश सायकल घेऊन आला. त्यानं सायकल खांद्यावर घेतली आणि तोही उतरला. सगळ्यांत मागं गोकुळा होती. डोक्यावर टोपलं, एका हातात चप्पल.

मयुरी तडक इस्तारीभाऊंकडे गेली. इस्तारीभाऊ म्हणजे मच्छीमार सोसायटीचे सचिव. तलावासाठी त्यांनी तहसीलपासून मंत्रालयापर्यंत इतके अर्ज केले होते की घरात चहा मागतानाही ते 'सबब' म्हणत.

"इस्तारीभाऊ, लोकं पाळीवरून काऊन नाई जाऊन राह्यले?"

"वनवाल्याईनं कॅमेरा लावला ना बाई. वाघाची मोजणी हाय. अंकुशनं पयल्याच दिवशी, बाया निंघाच्या आंदीच पायला, गावात सांगतलं."

"तो वनवाल्याईचाच हाय कशावरून?"

"गुडघ्याएवढ्यावर बांधला, पट्ट्यानं बांधला, मिलिटरी कपडा हाय." इस्तारीभाऊंनी बोटांवर मोजलं. "आन लग्नाचा असता तं त्याच्या मागं निकेश नसता का?"

या तर्कात खोट काढायला जागा नव्हती. गावाला दोनच कॅमेरे माहीत होते.

"पण मंग आडून काऊन जाता? चोरी केली का आपण?"

"मागच्या साली अंकुशचा फोटो निघाला, डोक्यावर मोळी. सायबानं बलावून दाखवला. आता वाघाच्या मोजणीत आपली भर कायले टाकाची? तेयची मोजणी चुकते, आपली सकाळ चुकते."

मयुरीनं दोन्ही हात जोडले.

"भाऊ, तो कॅमेरा माह्या हाय."

इस्तारीभाऊंच्या चेहऱ्यावर मोठा आनंद पसरला.

"अगं मंग सांगाचं नाई का व पोरी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव पाळीवर हजर होतं. बाया लग्नातल्या लुगड्यात. इस्तारीभाऊ कोटात. सगळे मोहासमोर एका ओळीत उभे राहिले, उंच मागं, बुटके पुढं, आणि श्वास धरून कॅमेऱ्याकडे बघू लागले. बराच वेळ कोणी पापणी हलवली नाही. अंकुशनं न हलता, ओठांच्या कडेनं विचारलं, "जेवतानीचं बी घेतं का व?"

म्हैस आली, गर्दी पाहिली आणि बांधीतून गेली.

गोकुळा त्या ओळीत नव्हती. आठवडी बाजाराचा दिवस होता, ती पहाटेच गेली होती.

संध्याकाळपर्यंत निकेशला बातमी पोचली. तो आला तो आरमोरीच्या लग्नाचं निमंत्रण आणि सहानुभूती घेऊनच आला.

"जाऊ दे ना बापा. कॅमेरा हालत नाई म्हंतं, मंग लोकं उभेच राह्यतीन ना. परवा आरमोरीले चाल. तुह्यं कार्ड खाली करून ठेव, मेहंदीतच भरून जाते."

तो गेल्यावर मयुरीनं ओसरीवर बसून लॅपटॉप उघडला. पुसायच्या आधी एकदा, म्हणून पहिल्या दिवसाचं चित्र लावलं. आता पळवायची घाई नव्हती. गोकुळा आत भात टाकत होती, तिला आवाज नको म्हणून मयुरीनं कानात इयरफोन घातले.

वाट होती. ऊन होतं. आणि उजव्या कानात चिखल वाजत होता. पचक, पचक.

"पदर घे व, फोटो निघन." शेजारच्या साधनाबाईचा आवाज.

"घेतला ना." हा आईचा.

मयुरी ताठ बसली. वनखात्याचा कॅमेरा फोटो काढतो, ऐकत नाही. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. म्हणून चेहरा झाकून, मोहापासून चार हातांवर, सगळं गाव रोज मोकळेपणानं बोलत गेलं होतं. कोणाचं जाळं कोणी फाडलं. कोणाची सून बोलत नाही. अंकुशच्या सायकलला ब्रेक नाही, हे अंकुश सोडून सगळ्यांनी सांगितलं. समोर चित्रात फक्त वाट.

साधनाबाई पुन्हा बोलली. "काय व गोकुळा, पोरीले पाहाले पाव्हणे येऊन गेले म्हंते?"

"आले. चहा पेले. गेले."

"मंग?"

"म्या सांगतलं, पोरीचा सिनेमा झाल्याबिगर काई बोलू नोका."

"कायचा सिनेमा?"

"रस्त्याचा."

"रस्त्यावर काय होते?"

"काईच नाई होत म्हंते."

"आन मंग लोकं पाहातीन काय?"

चिखल बराच वेळ वाजला. चित्रात म्हैस आली.

"मी बी पाहून राह्यली ना रोज," गोकुळा म्हणाली. "येतानी, जातानी. म्हटलं, हिले काय दिसते इथी. मले तं अजून काई नाई दिसलं."

"मंग?"

"दिसन. पोरीनं पाह्यलं म्हंजे असन काईतरी. पाय उचल व, खड्डा हाय."

म्हैस गेली. वाट उरली.

मयुरीनं तो तुकडा पुन्हा लावला. आतून भाताची वाफ आणि आईच्या बांगड्यांचा आवाज येत होता. तिसऱ्यांदा लावताना तिच्या लक्षात आलं की आपण वाटेकडे पाहतच नाही आहोत. पडद्याच्या उजव्या कडेकडे पाहतो आहोत.

सकाळी तिनं सरांना फोन केला.

"सर, सिनेमात माणसं आहेत. फक्त ऐकू येतात, दिसत नाहीत."

पलीकडे सरांनी पंखा बंद केला.

"किती वेळ दिसत नाहीत?"

"पूर्ण वेळ, सर."

"कॅमेरा हलतो?"

"नाही. सर, आणि मी तो हलवणारही नाही. तुम्ही सांगितलं तरी."

सरांनी घसा साफ केला. "पाठव. आणि ज्यांचे आवाज आहेत त्यांना विचार. न विचारता ऐकलेलं वापरायचं नाही."

गावाला विचारणं सोपं गेलं. साधनाबाईनं अट घातली की सुनेचं कापायचं, अंकुशनं अट घातली की ब्रेकचं कापायचं. आईचं राहिलं होतं. आईला विचारायचं म्हणजे आईचं बोलणं आपण ऐकलं, हे सांगायचं. दोन दिवस मयुरी पाण्याच्या गुंडीभोवती फिरत राहिली.

शेवटी गोकुळा अंगणात मासोळ्या चिरत बसली असताना ती समोर जाऊन बसली. आईचे हात खवल्यांनी भरले होते, म्हणून मयुरीनंच इयरफोन तिच्या कानात बसवले आणि मोबाइल तिच्या डोळ्यांपुढे धरला.

गोकुळानं वाट पाहिली. थोड्या वेळानं विळ्यावरचा हात थांबला. तिनं मान उजवीकडे कलती केली, मोबाइलच्या कडेपाशी पाहिलं, मग अजून वाकून मोबाइलच्या बाजूला, तुळशीकडे पाहिलं.

"मी तं इकडं हाओ," ती म्हणाली.

"हव."

"दिसत काऊन नाई?"

"तू आडून गेली ना व माय."

गोकुळानं पुढचं ऐकलं. म्हैस येऊन गेली तेव्हा ती हसली नाही. संपल्यावर मनगटानं इयरफोन ओढून काढला आणि दुसरी मरळ घेतली.

"पाव्हण्याईचं ऐकलं तुनं."

"हव."

खवले उडत राहिले.

"चहात साखर नोती टाकली म्या," गोकुळा म्हणाली. "मुद्दाम."

मयुरीनं मोबाइल उगाच ओढणीला पुसला. गोकुळानं मरळीच्या पोटात बोट घातलं, पण तिची नजर पुन्हा मोबाइलच्या उजव्या बाजूला गेली.

"ठेव सिनेमात," ती म्हणाली. "पण थे मास्तर लोकं सामनेच पाहातीन. मी कुठी हाओ, तेयले कसं समजन? तेयले सांग ना, जरासे बाजूले पाहा म्हना."

"असं नाई सांगता येत, आई."

"काऊन नाई? इस्तारीभाऊले बलाव. तेयले अर्ज येते."

इस्तारीभाऊ आले, चष्मा लावून सिनेमा पाहिला, दोनदा उजवीकडे वळून खात्री करून घेतली, आणि खाटेवर बसून अर्ज सांगायला लागले. मयुरीनं एकही शब्द बदलला नाही. सिनेमाच्या सुरुवातीला, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात, तो आजही तसाच येतो:

'मा. परीक्षक महोदय व समस्त प्रेक्षकवर्ग यांचे सेवेशी. सविनय सादर करण्यात येते की, सदर चित्रपटातील प्रमुख कलाकार सौ. गोकुळाबाई ह्या पडद्याचे उजवे बाजूस, पडद्याबाहेर अंदाजे चार हातांवर, चिखलातून चालत आहेत. सबब विनंती की, चित्रपट चालू असेतोवर आपण सर्वांनी आपापल्या खुर्च्या वळवून उजवीकडील भिंतीकडे पाहावे. त्यांचे डोक्यावर टोपले असल्याने त्यांना थांबता येणार नाही. तरी त्वरित कार्यवाही व्हावी.'