मी चिचोन, फर्मिन न्हाव्याच्या दुकानातला

मित्रांनो, मी एक जुना स्पॅनिश शब्द आहे. माझं नाव चिचोन. डोकं आपटल्यावर जे टेंगूळ येतं, ते मी. पाय सुजला, गाल सुजला तर लोक दुसऱ्या शब्दांना बोलावतात. मी फक्त डोक्याचा, आणि त्याचा मला थोडा तोराही आहे.

माझी उमेदीची वर्षं स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा भागातल्या एका खेड्यात, फर्मिन न्हाव्याकडे गेली. केस कापण्याआधी तो पोराच्या डोक्यावरून बोटं फिरवायचा आणि ओरडायचा, "अरे वा, चिचोन! कुणाची भिंत पाडून आलास?" पडलेल्या पोरांना आया आधी त्याच्याकडेच आणायच्या. तो टेंगळाला ऑलिव्हचं तेल चोळायचा, वर गार नाणं दाबून रुमाल बांधायचा. "नाणं काढलंस तर अंड्याएवढं होईल हं!" दिवसातून चारदा तरी माझं नाव निघायचं.

मग शाळा बंद पडली. तरुण माणसं गाव सोडून गेली. फर्मिनची मुलगी कासिल्दाही जर्मनीला गेली.

"तुझ्याकडे आता माशीसुद्धा दाढीला येत नाही," शेजारचा सिरियाको चिडवायचा. फर्मिन हसायचा, पण दुकान रोज उघडायचा. मीही त्याच्याबरोबर वाट बघायचो.

गेल्या उन्हाळ्यात कासिल्दा आपल्या सहा वर्षांच्या मुलीला, ओलायाला, घेऊन आली. पोरगी लाजरी. आजोबांनी बोलावलं की आईमागे लपायची आणि जर्मनमध्ये पुटपुटायची. तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवायला फर्मिन आसुसला होता.

चौथ्या दिवशी ती धावत आली ती दुकानाच्या दारावरच आपटली. कासिल्दा बर्फ आणायला वळली.

"राहू दे गं, इकडे आण तिला," फर्मिन म्हणाला.

तेल, नाणं, रुमाल. त्याने तिचं बोट टेंगळावर ठेवलं आणि हळूच म्हणाला, "चिचोन."

"चिचोन," ओलाया हुंदके देत म्हणाली. किती वर्षांनी मी लहान तोंडातून बाहेर पडलो! मला भरून आलं. जाईपर्यंत तिने तो रुमाल सोडला नाही, आणि आजोबांनाही.

आठवड्याने जर्मनीहून तिचा फोन आला. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये रडवेली होऊन ती म्हणाली, "आजोबा, चिचोन गेलं. परत कसं आणू?"

"ते नको आणूस, बाळा," फर्मिन म्हणाला. "तू ये."

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. आपल्या म्हाताऱ्या माणसांकडे जात जा. आम्ही जुने शब्द त्यांच्या तोंडी राहतो, आणि एकट्या माणसाला आमचा काही उपयोग नसतो.